रात्र मोजणारी फुले : प्रस्तावना

ऑक्टोबर सरता सरता इंग्लंड-जर्मनीतल्या बागांना उतरती कळा लागते. पाने झडतात, वाफ्यांतली माती ओली आणि काळी दिसू लागते. ज्या रात्री पहिल्यांदा दव गोठते, तिच्या दुसऱ्या दिवशी डेलियाची कालपर्यंत हिरवीगार असलेली झाडे काळी पडून लोळलेली असतात. त्याच बागेत, त्याच सकाळी, शेवंती ताठ उभी असते. ऊन थोडे वर आले की जांभळ्या ॲस्टरवर मधमाश्या घुमू लागतात. भिंतीवरच्या आयव्हीला हिरवट फुलांचे घोस लागलेले असतात, आणि एकही पान नसलेल्या जागी कोल्चिकमचे गुलाबी फूल सरळ जमिनीतून वर आलेले असते.

अशा फुलांचा अभ्यास हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यात वनस्पतिशास्त्र आहे, हवामान आहे, रोपवाटिकांचा इतिहास आहे आणि सणावारांचाही भाग आहे. यांपैकी कोणत्याही वाटेने आलेल्या वाचकाचे येथे स्वागत आहे. गच्चीवर शेवंतीच्या चार कुंड्या सांभाळणारा आणि वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करणारा, दोघांनाही हाताशी धरून पुढे जाता यावे अशीच या पुस्तकाची मांडणी आहे.

या फुलांविषयी फार जुन्या काळापासून एक समज आहे. ती मागे राहिलेली, थंडीला तोंड देणारी, म्हणून धीराची फुले, असे चीनमधल्या कवींनी मानले आणि युरोपातल्या बागप्रेमींनीही मानले. या भावनेचा मला आदर आहे. पण अभ्यासाला बसताना ती बाजूला ठेवावी लागते. शेवंतीला उशीर झालेला नसतो. रात्र एका ठरावीक लांबीची झाली की तिने कळी धरायची, हे तिच्या घडणीतच आहे. उन्हाळी फुलांचे वेळापत्रक आपण प्रमाण धरतो म्हणून ती आपल्याला मागाहून आलेली वाटते.

हे ज्ञान शंभर वर्षांपेक्षा फारसे जुने नाही. झाडे फुलायची वेळ कशी ओळखतात, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक जण तापमानात किंवा अन्नसाठ्यात शोधत होते. फ्रान्समध्ये जुलियां तूर्नवा या तरुण संशोधकाने हॉप आणि भांगेच्या झाडांवर प्रयोग करून दिवसाच्या लांबीकडे बोट दाखवले होते, पण पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम अर्धवट राहिले. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड यांच्यासमोर कोडे वेगळ्याच रूपाने आले. मेरीलँड मॅमथ नावाचा तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता वाढत राही, दहा-पंधरा फूट उंच होई, पण फुलत नसे. तोच वाण हिवाळ्यात काचघरात लावला की लहान असतानाच फुले. सोयाबीनच्या बिलॉक्सी वाणाचे गाऱ्हाणे याच्या उलट होते. पेरणी कितीही आगेमागे करा, सगळी शेते सप्टेंबरात एकदमच फुलत. या दोघांनी खत, ओल, उष्णता असे एकेक कारण तपासून बाद केले. शेवटी उन्हाळ्याच्या लांब दिवसांत दुपारीच झाडे उचलून अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली. अंधारात ठेवलेली झाडे फुलली, बाहेरची फुलली नाहीत. 1920 साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. या क्षेत्राची खरी सुरुवात तेथून धरावी, असे माझे मत आहे.

मात्र झाड नेमके काय मोजते हे अजून कळायचे होते. 1938 मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी झान्थियमवर प्रयोग केले. काटेरी फळे कपड्यांना चिकटणारे हे तण आपल्याकडेही रानोमाळ दिसते. लांब रात्रीच्या मध्यावर या झाडांना मिनिटभर उजेड दाखवला की ती फुलत नसत, पण दिवसाच्या मध्यावर काही काळ अंधार केला तर त्यांच्यावर काहीच परिणाम होत नसे. म्हणजे मोजमाप सलग अंधाराचे होते. ‘लघुदिन वनस्पती’ हे नाव तोवर रुळून गेले होते आणि तेच आजही वापरले जाते, पण वाचकाने ते वाचताना मनात ‘दीर्घरात्र’ असे म्हणावे.

उजेडाची जाणीव झाडाला ज्या रंगद्रव्यामुळे होते त्या फायटोक्रोमचा माग अमेरिकेतल्याच बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात लागला. तांबड्या उजेडाने ते एका रूपात जाते, त्याहून लांब तरंगलांबीच्या, दृश्य लाल रंगापलीकडच्या उजेडाने परत फिरते. पण फायटोक्रोम पानात असते आणि कळी तर शेंड्याला धरते. मधला निरोप कोण नेतो? याचा विचार सोव्हिएत संघातल्या मिखाइल चैलाख्यान यांनी 1930 च्या दशकात केला, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेले झाड शेवंतीच होते. पानांना लांब रात्र आणि शेंड्याला लांब दिवस दिला तरी झाड फुलते, उलट केले तर फुलत नाही, हे त्यांनी दाखवले आणि पानातून शेंड्याकडे जाणाऱ्या द्रव्याला ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. ते द्रव्य हाती लागायला सत्तर वर्षे गेली. एफटी नावाचे एक लहान प्रथिन हाच तो निरोप्या, हे 2007 मध्ये निश्चित झाले. पुढे 2013 मध्ये जपानी संशोधकांना रानशेवंतीत याचा प्रतिस्पर्धीही सापडला. रात्री मध्येच उजेड पडला की शेवंतीची पाने फुलणे रोखणारे दुसरे प्रथिन तयार करतात. म्हणजे शेवंती उन्हाळ्यात फुलत नाही, तेव्हा ती नुसती थांबलेली नसते. तिच्या पानांतून ‘इतक्यात नको’ असा निरोप रोज जात असतो. या साऱ्या विद्याशाखेत मला याहून सुंदर शोध माहीत नाही.

आता हे ज्ञान पृथ्वीच्या गोलावर ठेवून पाहू, कारण येथेच मराठी वाचकाला इतरांपेक्षा वेगळे काही दिसण्यासारखे आहे. लंडनला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान जेमतेम आठ तासांचा असतो. मुंबईला हेच आकडे साधारण सव्वातेरा आणि अकरा असे आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस लंडनची रात्र रोज सुमारे चार मिनिटांनी वाढते, मुंबईची सुमारे एका मिनिटाने. युरोपातल्या शेवंतीला ऋतू बदलल्याची वर्दी मोठ्याने मिळते, आपल्याकडच्या शेवंतीला अगदी हलक्या आवाजात. एरवी तिच्या बऱ्याच वाणांना फुलायला तेरा-साडेतेरा तासांपेक्षा लहान दिवस पुरतो. आपल्याकडे असा दिवस वर्षभरच असतो, किंवा उन्हाळ्यात त्या हद्दीच्या अगदी काठावर असतो. म्हणून आपल्याकडे वाणाची निवड, लागवडीचा महिना, शेंडा खुडण्याची वेळ आणि उष्णता या गोष्टींना युरोपातल्यापेक्षा जास्त वजन येते. एप्रिल-मेच्या सुमारास काश्या लावणारा आणि पावसाळ्यात शेंडे खुडणारा आपला शेतकरी झाडाचा आकार आणि फांद्या घडवत असतो. कळी धरण्याचे काम पुढे पाऊस ओसरल्यावरच्या रात्री करतात. हरितगृहात शेवंती घेणारे मध्यरात्री दिवे लावून झाडे पुरेशी उंच होईपर्यंत कळी रोखून धरतात. हॅमनर-बॉनर यांचा प्रयोगच तेथे रोज रात्री चालू असतो. जपानच्या आइची प्रांतात अशा दिव्यांच्या शेवंतीची शेते मोठ्या प्रमाणावर आहेत.

अक्षांशाचे आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथे 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाच्या सणात घराघरांतल्या वेदीवर आणि थडग्यांवर झेंडूच्या राशी घालतात. आपल्याकडे तोच झेंडू दसऱ्याच्या तोरणात आणि दिवाळीच्या हारात असतो. मेक्सिको शहर आणि मुंबई ही दोन्ही एकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणजे वर्षाच्या कोणत्याही तारखेला या दोन शहरांत रात्रीची लांबी जवळजवळ सारखी असते. लांब रात्रीत झेंडूला कळी लवकर येते. तो समुद्रापार नव्या देशात आला तेव्हा हवा, माती, माणसे सगळे बदलले, पण रात्री ओळखीच्याच राहिल्या. अर्थात, दसरा साधण्याचे श्रेय पेरणीचा हिशेब ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दिलेच पाहिजे. झेंडू शेवंतीइतका रात्रीच्या आज्ञेत नाही.

विषुववृत्त ओलांडले की हिशेब उलटतो. ऑस्ट्रेलियात शेवंती मे महिन्यात फुलते, आणि तेथे मे महिन्यातल्या मातृदिनाचे फूल तेच आहे. सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्या मराठी घरांत मार्गशीर्षाच्या गुरुवारी बागेतली शेवंती मिळत नसेल तर त्याचे कारण हे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. थंडीत फुलणारी सगळीच फुले रात्र मोजत नाहीत. मायकेलमस डेझी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲस्टरना आधी लांब दिवस लागतात आणि मग आखूड, म्हणजे त्यांचा हिशेब दुहेरी असतो. (आपल्या फुलबाजारात ॲस्टर म्हणून जे मिळते ते चायना ॲस्टर, ती जात वेगळी.) केशराचे तर रात्रीशी फारसे देणेघेणे नाही. पांपोरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जी जांभळी फुले वेचली जातात, त्यांची कळी उन्हाळ्याच्या उबेत कंदाच्या आत घडलेली असते, आणि पारा पंधरा-सतरा अंशांपर्यंत उतरला की ती बाहेर पडते. तेव्हा या पुस्तकाचे शीर्षक या क्षेत्राच्या एका मोठ्या घराण्याला लागू आहे, सर्वांना नाही, हे ध्यानात असू द्यावे.

फुलणे एक आणि थंडीत तग धरणे दुसरे. डेलिया आणि शेवंती या दोघींचे कूळ एकच. डेलिया मात्र मेक्सिकोच्या डोंगरांतून 1789 मध्ये माद्रिदला पोहोचली आणि अजूनही गोठणाऱ्या रात्रीपुढे हतबल आहे. पेशींमधले पाणी गोठते, पेशींची आवरणे फाटतात आणि झाड काळे पडते. शेवंतीच्या टणक वाणांत थंडी वाढत जाते तसतशी पेशींत साखर साठते आणि बर्फ धरलाच तर पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो. ही तयारी काही आठवडे हळूहळू थंडी पडत गेली तरच होते. ऑक्टोबरात अचानक आलेली एकच कडक रात्र डिसेंबरातल्या दहा रात्रींपेक्षा जास्त नुकसान करते ती यामुळे. थंडीचा एक फायदाही आहे. गारव्यात पाकळ्यांचे श्वसन मंदावते आणि फूल आठवडेच्या आठवडे टिकते. काही पांढऱ्या शेवंत्यांच्या पाकळ्यांवर थंडीत गुलाबी छटा चढते, तीही याच दिवसांची खूण आहे.

पण इतक्या उशिरा फुलून झाडाला काय मिळते? या प्रश्नाची उत्तरे बागेपेक्षा रानात चांगली सापडतात. उत्तर अमेरिकेतल्या ॲस्टरवर सप्टेंबर-ऑक्टोबरात मोनार्क फुलपाखरे मेक्सिकोच्या लांबच्या प्रवासाची शिदोरी बांधून घेतात. युरोपात आयव्हीच्या फुलांवर जगणारी एक स्वतंत्र मधमाशी आहे. शास्त्राने तिची वेगळी जात म्हणून नोंद केली ती थेट 1993 मध्ये, आणि ब्रिटनमध्ये ती 2001 मध्ये प्रथम दिसली. पूर्व अमेरिकेतल्या विच हेझेल या झुडपाची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाने गळत असताना फुलते. त्याचे परागण करणाऱ्यांत असे पतंग आहेत जे थरथरून स्वतःचे अंग तापवतात आणि गोठायला आलेल्या हवेत उडतात. परागण शरदात होते, पण फलधारणा पुढच्या वसंतापर्यंत थांबते. कोल्चिकमनेही याच प्रश्नाचे आपले उत्तर काढले आहे. त्याचे फूल वर आणि बीजकोश जमिनीत. हिवाळाभर बी मातीच्या उबेत राहते आणि वसंतात पानांबरोबर फळ वर येते. अशा झाडांना उशिराच्या हंगामात गिऱ्हाईक थोडे असते हे खरे, पण दुकानेही थोडीच उघडी असतात.

बागेतल्या फुलांचा इतिहास म्हणजे मुख्यतः शेवंतीचा इतिहास, आणि तो चीनपासून सुरू होतो. चौथ्या-पाचव्या शतकातला कवी ताओ युआनमिंग याच्या नावाशी हे फूल कायमचे जोडले गेले. नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचे मद्य घेण्याची प्रथा तेथे पडली. सोंग काळात, 1104 साली, लिऊ मंग याने केवळ शेवंतीच्या वाणांवर एक ग्रंथ लिहिला. एकाच बागफुलावरचा इतका जुना ग्रंथ ही या क्षेत्राची अभिमानाची गोष्ट आहे. जपानच्या दरबारात नवमीच्या आदल्या रात्री फुलांवर रेशमाचा कापूस पांघरत, सकाळी त्यात मुरलेल्या दवाने अंग पुसत. त्याने आयुष्य वाढते अशी श्रद्धा होती. सम्राटाची मुद्रा सोळा पाकळ्यांची शेवंती आहे हे बहुतेकांना ठाऊक असेल.

युरोपात ती 1789 मध्ये मार्सेयचे व्यापारी ब्लांकार यांच्याबरोबर आली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने 1846 मध्ये चुसान बेटावरून एक लहान फुलाची शेवंती लंडनला आणली. इंग्रजांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. फ्रेंचांनी मात्र तिच्यापासून गोंड्याच्या शेवंत्यांची पिढीच तयार केली. याच फॉर्च्यूनने शांघायच्या थडग्यांवर फुललेली ॲनिमोनही पाठवली. आज तिला सगळे जपानी ॲनिमोन म्हणतात, ती चिनी असूनही.

हिमालयाचा या इतिहासात वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर, पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झालेले थॉमस थॉमसन यांच्या नावाची एक ॲस्टर पश्चिम हिमालयात उगवते. स्वित्झर्लंडमधले रोपवाटिकाकार फ्रिकार्ट यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास तिचा युरोपातल्या ॲस्टरशी संकर केला, आणि रोपांना आल्प्सच्या शिखरांची नावे दिली. त्यांतली ‘मोंख’ ही उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंत महिनोन्महिने फुलते. इंग्लंडच्या उत्तम बागांत तिला मानाची जागा आहे. एक पालक काश्मीर-हिमाचलच्या उतारांवरचा आणि दुसरा युरोपीय, असे तिचे कूळ आहे. याच काळात इंग्लंडमध्ये अर्नेस्ट बॅलार्ड मॅलव्हर्नच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मायकेलमस डेझीचे वाण घडवत होते. त्यांच्या आवडीच्या जातीला भुरीचा रोग फार लागतो, ही अडचण आजही सुटलेली नाही. पोट्सडामचे कार्ल फर्स्टर यांनी तर वर्षाचे सात ऋतू मानून बागेची मांडणी केली आणि शरदाच्या उत्तरार्धाला व हिवाळ्याला त्यात स्वतःचे स्थान दिले. हे सगळे फुलवणारे लोक, आणि त्यांचे या क्षेत्रावर संशोधकांइतकेच ऋण आहे. दोन्ही कामांची एकत्र नोंद व्हावी हा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबरला शेवंती कबरींवर ठेवतात, म्हणून तेथे ती कुणाच्या घरी भेट नेत नाहीत. जपानमध्ये पांढरी शेवंती अंत्यविधीची. आपल्याकडे मार्गशीर्षात तीच महालक्ष्मीच्या घटाला वाहतात आणि तिची वेणी सवाष्णीच्या केसांत असते. त्या त्या दिवसांत विपुल मिळणारे फूल लोक आपल्या सर्वांत गंभीर किंवा सर्वांत मंगल कामासाठी वापरतात. फुलाचा अर्थ पुष्कळदा पंचांग ठरवते, एवढेच येथे नोंदवतो.

पुढच्या काळातला या क्षेत्राचा सर्वांत मोठा प्रश्न हवामानाचा आहे. हवा तापते आहे आणि दव गोठण्याच्या तारखा पुढे सरकत आहेत, पण रात्रीची लांबी पृथ्वीच्या आसाच्या कलावर ठरते, ती तसूभरही बदलणार नाही. तापमानावर चालणारी फुले आपली वेळ बदलतील, रात्र मोजणारी जागच्या जागी राहतील, आणि त्यांच्यावर येणारे कीटक यांतल्या कोणत्या बाजूला जातील हे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागेल. दुसरा प्रश्न आपल्या शहरांचा आहे. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ठेवलेली शेवंतीची कुंडी हिरवीगार राहते आणि फुलत नाही. अनेकांना वाटते की खत कमी पडले. तिला हवा असतो तो अंधार.

फुलण्याच्या वेळांची नोंद ठेवायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पुणे, नाशिक, सातारा, पणजी, इंदूर, जेथे कोठे आपण राहत असाल तेथे, शेवंतीला पहिली कळी दिसली की तारीख लिहून ठेवा. वाणाचे नाव माहीत असेल तर ते लिहा, लागवड कधी केली आणि शेवटचा शेंडा कधी खुडला ते लिहा, आणि रात्री कुंडीवर दिव्याचा उजेड पडतो की नाही हेही लिहा. पाच-सहा वर्षांच्या अशा वह्या एकत्र आल्या तर आपल्या अक्षांशावरच्या शेवंतीविषयी आज कोणत्याही ग्रंथात नसलेली माहिती मराठीत प्रथम नोंदली जाईल.